अण्णांची हुबेहूब झाडं

“स्वल्प, जरा बघ आधी,” असं म्हणून अण्णा हातातली पेन्सिल खाली ठेवायचे. आपली ठेवायचे आणि समोरच्याच्या हातातलीही काढून घ्यायचे. मग खिडकीबाहेरच्या झाडाकडे बोट. “ते टोकाचं पान बघ. रंग कुठला?”

“हिरवा,” असं म्हटलं की संपलंच.

“हिरवा म्हणे! सकाळपासून चार रंग झाले त्याचे. तू कॉफी प्यायला खाली गेलीस, तेवढ्यात एक होऊन गेला. आता तो परत उद्या.”

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालायची सोय नसते. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागतो, कारण वाटेत एखादा कोळी जाळं विणत असतो. अण्णांमुळे मी अनेकदा ऑफिसात उशिरा पोचले आणि दोष माझ्या बसवर ढकलला.

बंगळुरात भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळेच अण्णा. पण आमच्या ऑफिसात ‘अण्णा’ म्हटलं की एकच मान वर व्हायची. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बेळगावहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन बंगळूरला आले. बसवनगुडीत वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर. परदेशातली एक कंपनी मुलांसाठी कॉम्प्युटर गेम करायची आणि त्यातली मागची चित्रं आमच्याकडून काढून घ्यायची. खेळातलं पात्र ज्यातून चालतं ती रानं, त्या गल्ल्या, त्या गुहा आम्ही काढायचो. पडद्यावर एकूण रंग मिळायचे दोनशे छप्पन्न. प्रत्येकाला नंबर. तेवढ्यात काय ते आकाश आणि पाताळ बसवायचं.

अण्णांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलं, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असायची आणि माझ्या बेळगावी मराठीला तेच हसायचे. आमच्याकडे येण्याआधी वीस वर्षं त्यांनी शेतकी खात्यासाठी किडींची चित्रं काढली होती. नारळावरचा भुंगा, भातावरचा तुडतुडा, तुरीच्या शेंगेतली अळी. मोठमोठे तक्ते व्हायचे आणि ते गावोगाव चावडीवर टांगले जायचे. एका खेड्यात एका म्हाताऱ्यानं तक्त्यावरची अळी नखानं उचलून टाकायचा प्रयत्न केला होता म्हणे. अण्णा ही गोष्ट महिन्यातून एकदा तरी सांगायचे आणि दर वेळी त्या म्हाताऱ्याचं नख किती वाढलेलं होतं तेसुद्धा सांगायचे. पुढे तक्त्यांवर रंगीत फोटो आले. अण्णांचं काम गेलं.

ते आमच्याकडे आले तेव्हा आमच्या मालकांनी त्यांना परीक्षेसाठी एक दगडी भिंत काढायला सांगितली. मालक मूळचे इंजिनिअर, स्वभावानं सरळ माणूस. अण्णा “सरी”, म्हणजे बरं, म्हणाले आणि जिना उतरून गेले. दिवसभर त्यांचा पत्ता नाही. एका देवळाच्या कुंपणासमोर बसून होते. दुसऱ्या दिवशी जी भिंत आणली तिच्यावर ओल होती, शेवाळाचे डाग होते, दोन दगडांच्या फटीत मुंग्यांची रांग होती.

मालक म्हणाले, “अण्णा, पडद्यावर ही भिंत काडेपेटीएवढी दिसणार. मुंगी कुणाला दिसणार आहे?”

“दिसत नाही म्हणून नसते काय ती?” अण्णांनी विचारलं.

मालकांनी भिंत ठेवून घेतली. नोकरी मिळाली.

माझं आणि त्यांचं मात्र पहिल्या आठवड्यापासून वाजलं. मला सोपी चित्रं आवडायची. चार सपाट रंग, ठसठशीत आकार, झाड म्हणजे झाडाची नुसती खूण. खेळणाऱ्याचं लक्ष पात्रावर हवं, झाडावर नव्हे, असं माझं म्हणणं. आणि खेळ म्हणजे काही फोटो नव्हे. तिथलं जग तिथल्यासारखं दिसावं, आपल्यासारखं कशाला?

अण्णा माझ्या मागे उभे राहून बघायचे. “हे झाड आहे की छत्री?”

“झाड आहे ओ अण्णा. कळतंय की.”

“कुठलं?”

“कुठलं म्हणजे? झाड!”

“अय्यो! ‘झाड’ नावाचं झाड मी अजून बघितलेलं नाही ग. आंबा असतो, चिंच असते, होंगे असते, तुमचा करंज. तुझं हे कुठल्या रानात उगवतं ते सांग, मी रजा काढून बघून येतो.”

सगळे हसायचे. मीही हसायचे, पण मनातून चिडायचे. कारण त्यांची चित्रं सुंदर असली तरी खेळात चालत नव्हती, आणि हे बोलायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी काढलेल्या रानात पान न् पान वेगळं असायचं. दोनशे छप्पन्न रंगांत ते मावायचं नाही, मग ठिपक्याला ठिपका लावून ते नवे रंग भासवायचे. त्या दाटीत पात्र हरवायचं. पायवाट कुठली आणि झुडूप कुठलं, कळायचं नाही. शेवटी परदेशातून पत्र आलं. चित्र अप्रतिम आहे, पण आमच्या मुलांना वाट सापडत नाही.

मालकांनी ते रान मला पुन्हा काढायला दिलं. मी दोन दिवसांत सपाट करून टाकलं. अण्णांनी ते बघितलं आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या ताटात वाढत म्हणाले, “तुझं चुकलेलं नाही. पण पटलेलंही नाही.”

त्यानंतर आमचं भांडण म्हणजे ऑफिसची करमणूक झाली. एक बाजू हुबेहूबची, एक सोप्याची. खालच्या दुकानदारालासुद्धा ठाऊक होतं आज कोण जिंकलं ते.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. नवा खेळ आला. एक नदी, तिच्या काठचं गाव, आणि बोलणारे प्राणी. पहिला पडदा, म्हणजे खेळातलं पहिलं दृश्य, अण्णांना दिला होता. एका दुपारी त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, “झालं. बघा.”

आम्ही सगळे गोळा झालो. नदीकाठी एक झाड होतं. पानं नव्हती. तीन हिरव्यांचे तीन मोठे डाग, कडा विरघळलेल्या, आणि त्यातून पाझरणारा संध्याकाळचा उजेड. घरं म्हणजे नुसते ऊबदार ठोकळे. पाण्यात त्यांच्या सावल्या. एकही रेघ नाही. आणि तरी तिथे थंड वारा सुटलाय हे अंगाला कळत होतं. मी चार वर्षं शिकून जे काढायला धडपडत होते, ते त्या माणसानं एका आठवड्यात काढलं होतं.

मी टाळ्या वाजवल्या. “काय ओ अण्णा! आलात की नाही शेवटी आमच्यात?”

अण्णा हसले. “सरी. आलो, बाई. तू जिंकलीस.”

परदेशातून पत्र आलं, आख्खा खेळ ह्याच पद्धतीनं करा. मालकांनी म्हैसूरपाक वाटला. अण्णांनी “शुगर बेडा, नको” म्हणून हात जोडले. त्यांना मधुमेह होता, कॉफीसुद्धा बिनसाखरेची प्यायचे. त्यांच्या वाटणीचा तुकडाही मीच खाल्ला. आणि भेटेल त्याला सांगत सुटले, अण्णांना मी बदललं.

त्या महिन्यांतल्या काही गोष्टी आता सांगते. तुम्ही असतात तर तुमच्या लक्षात आल्या असत्या का, ठाऊक नाही. आम्ही सहा जण रोज बघत होतो.

अण्णा चित्राकडे मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागले होते. आम्हाला वाटलं, हीच ती थोर चित्रकाराची नजर. मी आणि आणखी एक जण तसंच मान वाकडी करून बघायला लागलो. खरंच काही वेगळं दिसतं का, यावर आम्ही गंभीरपणे चर्चाही केली.

अण्णांनी सगळ्या रंगांचे नंबर पाठ केले होते. “त्रेचाळीस घे, त्याच्या शेजारी एकशे बारा.” आम्ही म्हणायचो, काय स्मरणशक्ती आहे.

आलेली पत्रं ते मला वाचायला सांगायचे. “तुझं इंग्लिश चांगलं आहे,” म्हणायचे. माझं इंग्लिश काही चांगलं नव्हतं, पण मला ते ऐकायला बरं वाटायचं.

आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको, रोज सकाळी त्यांना जिन्याच्या पायथ्यापर्यंत सोडायला यायच्या. हातात भाजीची पिशवी. संध्याकाळी पुन्हा न्यायला हजर. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही वरून खिडकीतून बघायचो आणि अण्णा वर आले की विचारायचो, “अण्णा, मधुचंद्र किती दिवस चालणार अजून?” अण्णा लाजल्यासारखं करायचे. “तुमच्या डोळ्यांवर येतंय काय?” म्हणायचे.

खेळ संपत आला तेव्हा परदेशातून एक शेवटची मागणी आली. खेळाच्या खोक्यावर छापायला एक चित्र हवं. नदीवरचा चतुर, अगदी जवळून, खराखुरा वाटेल असा. पंखांवरच्या शिरासुद्धा दिसल्या पाहिजेत.

मी ते पत्र घेऊन नाचतच अण्णांकडे गेले. “अण्णा, तुमचा दिवस आला! किडा काढायचाय. हुबेहूब!”

त्यांनी पत्र हातात घेतलं, चाचपलं आणि परत दिलं. “तू काढ.”

“मी? मला कुठं जमतंय? तुमचंच काम आहे हे.”

“मला वेळ नाही.”

“आठ दिवस आहेत की.”

“बेडा म्हटलं ना.”

असं तोडून ते कधी बोलले नव्हते. मला राग आला. वर्षभर ज्या माणसानं मला मुंग्या नि शिरा नि कडा ऐकवल्या, त्यानं असं म्हणावं? मी म्हणाले, आणि हे वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं, “सोपं काढायची सवय लागली तुम्हाला. आता कष्ट नको झालेत.”

टेबलावरची पेन्सिल अण्णांनी थोडी सरळ केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक जुना तक्ता आणला. कागद पिवळा पडलेला. त्यावर चतुर होता, पंधरा वर्षांपूर्वी काढलेला, आणि त्याच्या पंखांतून खालचा कागद दिसतोय असा भास व्हावा इतका नितळ. “हा चालेल काय बघा,” म्हणाले. चालण्यासारखा नव्हता. तो वरून बघितलेला होता, टाचणी टोचून ठेवल्यासारखा. खोक्यासाठी उडणारा हवा होता. मालकांनी तसं सांगितलं. अण्णा “सरी” म्हणाले आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

त्या दिवशी ते जेवायलाही उठले नाहीत. नाक काचेला टेकेल इतके पुढे वाकून, मान वाकडी करून, एकेक बारीक रेघ ओढत होते. पाचच्या सुमाराला मी कॉफी घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

पडद्यावर चतुराचं अंग एकीकडे होतं आणि पंख बोटभर लांब, हवेत. पंखांच्या शिरा पंखांच्या बाहेर जाऊन आकाशात संपत होत्या. एकेक शीर अतिशय सुबक होती. एक डोळा होता, दुसरा काढायचा राहिला नव्हता, तो पोटावर होता.

मी आले हे त्यांना पावलांवरून कळलं असावं. मागे न बघता त्यांनी विचारलं, “पंख बरोबर बसलेत ना ग?”

माझ्या हातात कॉफी होती, ती कुठं ठेवावी मला सुचेना.

“बसलेत अण्णा.”

अण्णांनी हात मांडीवर घेतले.

“खोटं बोलायला तुला येत नाही. शिकून घे, उपयोगी पडतं.”

खोलीत बाकीचे होते, म्हणून ते हळू बोलत होते. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्याला सूज आली होती. आधी उजवा, मग डावा. दोनदा लेझर करून झालं. डॉक्टर म्हणाले होते, आहे ते टिकलं तरी नशीब.

“मधलं गेलंय,” ते म्हणाले. “कडेचं आहे. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तोंड नाही दिसत मला. कान दिसतात, केस दिसतात. मधे नुसता धुरकट डाग. म्हणून वाकडं बघतो. तुम्ही माझी नक्कल करायचात ना, ते दिसायचं बरं का. कडेनं दिसायचं.”

मी रडायला लागले. ते म्हणाले, “श्श. लोक बघतील.”

“अण्णा, मी तुम्हाला काल काय काय बोलले...”

“ते जाऊ दे.” मग ते माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी. “पण एक सांगायचंय तुला. ते नदीकाठचं झाड आवडलं ना तुम्हाला? तुम्हाला वाटलं, अण्णा बदलला, सोपं काढायला लागला. मी काही सोपं केलं नाही ग. ते होंगेचं झाड आहे, आमच्या घराच्या कोपऱ्यावरचं. संध्याकाळी मला ते तसंच दिसतं. जसं दिसतं तसंच मी काढलं. हुबेहूब.”

त्यानंतर मी कुणाशीही चित्रांच्या पद्धतींवरून वाद घातल्याचं मला आठवत नाही.

चतुर मी काढला, त्यांचा तक्ता समोर ठेवून. अण्णा शेजारी बसून सांगत होते. पुढचा पंख वर गेला की मागचा कसा असतो, उजेड कुठून झिरपतो, तिसऱ्या शिरेला गाठ कुठे असते. त्यांना तक्ता दिसत नव्हता, पण तो त्यांच्या बोटांना पाठ होता. टेबलावर बोट फिरवून ते पंख काढून दाखवायचे. उरलेले चार पडदे त्यांनी पुरे केले. ते नंबर सांगायचे, मी तो रंग निवडून द्यायचे. बाकीच्यांना आम्ही काही सांगितलं नाही. मालकांना कळलं असावं, कारण अण्णांच्या टेबलाजवळचा दिवा त्यांनी एक दिवस मुकाट्यानं बदलून मोठा लावला.

खेळ पुरा होऊन परदेशी गेला आणि अण्णांनी नोकरी सोडली. निरोपाला मालकांनी चार शब्द बोलायला सांगितलं, तर म्हणाले, “मला मुंग्या काढू दिल्यात, उपकार आहेत,” आणि खाली बसले. महिनाभरात त्यांनी बसवनगुडीतलं घर सोडलं. अक्कांच्या भावाची देवनहळ्ळीला द्राक्षांची बाग होती. तिथे मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, त्यात दोघं राहायला गेली.

पुढच्या वर्षी, डिसेंबरात, हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. मला पंधरा दिवसांनी कळलं, अक्कांच्या पत्रावरून. त्याआधी श्रावणात मी एकदा त्यांना भेटून आले होते. तेवढं सांगते आणि थांबते.

परदेशातून छापील खोकी आली होती. त्यातलं एक मी त्यांना द्यायला नेलं. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, पण खोकं तरी हातात पडावं असं मला वाटलं. अण्णा बागेच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. खूप वाळले होते. मी समोर स्टुलावर बसणार तोच अक्का म्हणाल्या, “समोर नको, बाजूला बस. म्हणजे त्यांना दिसशील.”

अण्णांनी खोकं घेतलं, त्यावरून हात फिरवला, कोपरे दाबून बघितले. वास घेतला. “छपाई चांगली आहे,” म्हणाले. मी म्हटलं, आत तुमचं नाव आहे, बारीक अक्षरांत. “बारीक असू दे की,” ते म्हणाले. “मला मोठंही तेवढंच दिसतं.” अक्का आत निघून गेल्या.

दुपारभर आम्ही गप्पा मारल्या. ऑफिसात नवी यंत्रं येणार आहेत, लाखो रंग दिसणार आहेत, फोटोसारखं सगळं करता येणार आहे, असं मी सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. “लाखो,” एवढंच एकदा म्हणाले. मग द्राक्षांबद्दल बोलायला लागले. घड तयार झाला की नाही ते आता ते हातात घेऊन वजनावरून सांगू शकायचे. मेहुणा त्यांना विचारून तोडणी करायचा म्हणे. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

निघताना ते हट्टानं बसथांब्यापर्यंत आले. अक्कांचा हात धरून. थांब्यावर धूळ उडत होती, दोन बसेस पाठोपाठ आल्या. पुढची गच्च भरली होती, म्हणून मी मागच्या बसमध्ये चढले आणि खिडकीशी बसले. गडबडीत मी कुठे चढले ते अण्णांना कळलं नव्हतं, आणि अक्का पदर सावरत दुसरीकडे बघत होत्या.

पुढची बस सुटली. अण्णांनी हात वर केला. त्या बसकडे तोंड करून ते जोरजोरात हात हलवत राहिले, अगदी ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. खिडकीतली कुणीतरी अनोळखी बाई हसली आणि तिनंही हात हलवला.

मी हाक मारणार होते. मग माझीही बस हलली. ती त्यांच्या अगदी जवळून गेली, हात बाहेर काढला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. मी हात बाहेर काढला नाही. अण्णांचं तोंड पुढच्या रस्त्याकडे होतं आणि त्यांचा हात अजून वरच होता.